रिकाम्या ताटासमोर

बसस्थानकासमोरच्या खाणावळीत दुपारी जेवायला गेलं, की दारातून आत शिरताच डाव्या हाताला, हात धुवायच्या बेसिनशेजारी, उंच स्टुलावर बसलेला एक किडकिडीत माणूस गिटार वाजवताना दिसायचा. त्याला सगळे तुफान म्हणायचे. त्याचं खरं नाव खाणावळीत कुणाला ठाऊक नव्हतं. घरी बायको 'अहो' म्हणायची आणि मेहुणा 'दाजी', त्यामुळे खरं नाव वापरात नसलेल्या कुलपासारखं गंजून गेलं होतं.

तुफान मूळचा शिलाई मशीन दुरुस्त करणारा. सकाळी आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत त्याचं हे काम चाले. मशीन उघडायचं, पुसायचं, तेल घालायचं, पट्टा बदलायचा आणि शेवटी एक चिंधी सुईखाली सरकवून जीव खाऊन पाय मारायचे. खडखड करत सुई धावली, धागा तुटला नाही, कुठे अडकलं नाही, की मशीन पास. गिटार तरुणपणी जुन्या बाजारातून आणलेली. तीही तो याच परीक्षेने तपासायचा. जितकी धावेल तितकी चांगली. गाणं आनंदाचं असो की कुणी कुणाला कायमचं सोडून चालल्याचं, तुफानच्या हातात पडलं की शेवटची बस पकडायला निघाल्यासारखं सुटायचं. बोटं इतकी पळायची की बघणाऱ्याला ती दिसायची नाहीत, गिटारच्या पट्ट्यांवर नुसता धूर उडाल्यासारखा वाटायचा.

"सुंदर वाजवतात," शेजारी म्हणायचे, आणि आपापल्या खिडक्या लावून घ्यायचे.

खाणावळीतली ही नोकरी मेहुण्याने लावून दिली होती. मेहुणा तिथेच वाढपी होता. तुफान दुपारी गिटार पाठीला लावून निघाला, की त्याच्या चालण्यातच फरक पडायचा. मशीनवाला घरी राहायचा आणि रस्त्याने कलाकार चालायचा. खाणावळीत त्याला टाळ्या कधी मिळाल्या नाहीत, पण त्याचं त्याला वाईट वाटत नसे. माणसाचा एक हात भातात, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. टाळी वाजवायची कशाने? शिवाय मालकाची दाद होतीच. गल्ल्यावर बसलेला जाडजूड मालक गर्दी वाढली की तुफानकडे बघायचा आणि तर्जनी वर करून हवेत गरगर फिरवायचा. असे रसिक मालक हल्ली राहिलेत कुठे? तुफानला वाटे, तो म्हणतोय, 'वा, काय फिरत आहे हाताला!' मग तो मान लववायचा आणि आणखी जोरात सुटायचा. मालक खूश होऊन नोटा मोजायला लागायचा.

असं कितीतरी वर्षं चाललं. सगळ्यांचं छान चाललं होतं. एका सुट्टीच्या दिवशी मेहुणा घरी जेवायला आला आणि त्याने तोंड उघडलं.

त्या दिवशी तुफानची बायको, मुलगी आणि मुलीचं तान्हं बाळ असे सगळे घरात होते. मुलगी जवळच राहायची आणि कामावर जाताना बाळाला आईकडे सोडायची. सुट्टीच्या दिवशीही घेऊन यायची, ते नुसतं सवयीने. जेवता जेवता तुफान सहज बोलून गेला, "मालकाला गाण्यातलं कळतं हो. परवा तर दोनदा बोट फिरवलं."

मेहुण्याला ठसका लागला. बायकोने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"दाजी," तो डोळे पुसत म्हणाला, "तुम्हाला ती दाद वाटते?"

"मग?"

"अहो, दारात रांग लागली की बोट फिरवतात ते. फिरवा लवकर, टेबलं मोकळी करा! तुम्ही जोरात वाजवता म्हणून लोक भराभर चावतात. तुमच्यामुळे एकेका खुर्चीवर किती माणसं जेवून जातात माहितीये?"

"काहीतरीच."

"ताईची शपथ. आधी मालकांनी पंखे बंद करून पाहिले. मग खुर्च्यांच्या गाद्या काढल्या. लोक घामाघूम होऊन कडक लाकडावर बसायचे, पण उठायचे नाहीत. मग मी म्हटलं, आमचे दाजी आहेत."

तुफानच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे मी... गाद्या काढल्यासारखा?"

"गाद्यांपेक्षा बरे," मेहुणा त्याची समजूत घालत म्हणाला. "गाद्या काढल्या तेव्हा तक्रारी यायच्या. तुमच्याबद्दल येत नाहीत."

मुलगी हसली. बायको पदराआड हसली. बाळ रडलं, पण ते वेगळ्या कारणाने. तुफान उठला, हात धुतले आणि पुढच्या खोलीत जाऊन एका उघड्या मशीनसमोर बसला. बायको थोड्या वेळाने मागोमाग आली.

"अहो, एवढं काय मनाला लावून घेता? लोक पोटभर जेवतात ना?"

"ते जेवतात. ऐकत कुणी नाही."

"इतक्या जोरात कसे ऐकणार?" ती म्हणाली. "तुम्ही वाजवायला लागलात की मला वाटतं, मागे कुत्रं लागलंय."

हे तिने पूर्वीही सांगितलं असेल. पण तेव्हा त्याच्याकडे मालकाचं बोट होतं. आता तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मेहुण्याला खाणावळीच्या मागच्या दारी गाठलं. "ऐक. एक माणूस. मला जास्त नकोत. ताट संपल्यावर, रिकाम्या ताटासमोर, फक्त ऐकायला म्हणून एक माणूस बसून राहिला पाहिजे."

"दाजी, आपल्याकडे रिकाम्या ताटासमोर बसून राहतो तो पाकीट विसरलेला माणूस."

"तू नुसतं लक्ष ठेव."

त्या दुपारी तुफानने हळू वाजवायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. त्याने एक दुःखी गाणं निवडलं आणि पहिला सूर छेडून थांबला. पण थांबलेल्या बोटांना काय करावं ते सुचेना. ती तारेवर वळवळायला लागली, लघवीला लागलेल्या पोरांसारखी. दुसरा सूर कधी घ्यायचा? त्याने मनात मोजायला सुरुवात केली. मोजून वाजवलेलं गाणं मोजून दिल्यासारखंच वाटलं. ते हळू झालं होतं, पण दुःखी झालं नव्हतं. जुनंच धावतं गाणं, फक्त मध्ये खड्डे पडलेले. पट्टा सैल झाला की मशीन असंच चालतं, एक टाका घालून पुढचा विसरतं.

लोकांनी वर पाहिलं. एकाने विचारलं, "तार तुटली का?"

तरी चमत्कार झाला. कोपऱ्यातला एक गृहस्थ ताट संपलं तरी उठला नाही. मान किंचित झुकलेली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर शांती. तुफानला हुरूप आला. त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, मग तिसऱ्यांदा. मेहुणा ताट उचलायला गेला तेव्हा तुफानने लांबूनच मान हलवली, राहू दे, राहू दे. तेवढ्यात गृहस्थाची मान आणखी झुकली आणि कपाळ ताटात टेकलं. तो घोरत होता.

"रात्रपाळीचा आहे बिचारा," मेहुण्याने त्याच्या कपाळावरचा भात पुसत सांगितलं.

मालकाने बोट फिरवलं. तुफानने आता ते बोट ओळखलं होतं. तो निमूट बोटं पळवायला लागला.

आठवडाभर त्याचं घोडं तिथेच अडलं. घरी सकाळी तो मशीन सोडून गिटार घेऊन बसायचा आणि एक सूर लावून दुसऱ्याची वाट बघत घामाघूम व्हायचा. दुरुस्तीला आलेली मशीनं रांगेने उभी राहिली. एक शिंपी तर रोज येऊन आपलं मशीन बघून जायचा, इस्पितळात पेशंट बघायला यावं तसा. "होईल का बरं?" तो विचारायचा. तुफान म्हणायचा, "प्रयत्न चालू आहेत." दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असायचे.

नात पाळण्यात झोपलेली असताना गिटार वाजवायला बंदी होती. बंदी बायकोची. नात जागी असताना वाजवलं तर ती भोकाड पसरायची. तिला आजोबांचं वाजवणं मुळीच आवडत नसे, आणि ती खाणावळीतल्या लोकांसारखी उठून जाऊ शकत नव्हती, म्हणून रडायची.

एका सकाळी नात झोपेना. बायको पाळण्याशी बसून काहीतरी गुणगुणत होती. त्याला गाणं म्हणणं कठीण होतं. तीन-चार सूर, तेही थोडे बेसूरच, शब्द नाहीत. तुफान दारात उभा राहून ऐकत होता. पळणाऱ्या माणसाला अशा गोष्टी ऐकू येत नाहीत. आता धाव थांबली होती, म्हणून कदाचित ऐकू आल्या. बायको एक सूर लावायची आणि थांबायची. कधी थोडं थांबायची, कधी बरंच. मग पुढचा. दोन वेळा सारखंच थांबली असं काही नव्हतं. तरी ते मध्ये तुटत नव्हतं.

"अगं," तो हळूच म्हणाला, "तू पुढचा सूर कधी घेतेस?"

"काय?"

"मोजतेस का?"

"मोजायला ते काय टाके आहेत?" तिने पाळण्याची दोरी ओढली. "ती श्वास सोडते, मग मी म्हणते. तिचं झालं की माझं. आता बोलू नका, उठेल."

तो आत गेला आणि गिटार घेऊन आला. बायकोने डोळे वटारले. तो पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसला आणि तारा छेडायची नखी खिशात ठेवली. नुसत्या अंगठ्याने एक तार छेडली, इतकी हळू की छेडली की नुसतं बोट लागलं ते कळू नये. मग तो पोरीच्या नाकाकडे बघत बसला. तिची छाती वर गेली, खाली आली. त्याने दुसरी तार छेडली.

या वेळी बोटं वळवळली नाहीत. त्यांना काम होतं. ती वाट बघत होती.

नातीने मूठ तोंडात घातली, आजोबांकडे संशयाने पाहिलं, भोकाड पसरायच्या बेताने ओठ मुडपले आणि मग काय वाटलं कोण जाणे, विचार बदलला. थोड्या वेळाने ती झोपली. बायकोने ते बघितलं. उठून चहा ठेवला. अर्धा कपच दिला, पण न मागता दिला. तुफानला तो पुरस्कारच वाटला.

पण खाणावळ म्हणजे पाळणा नव्हे. तिथे शंभर तोंडं चालू असायची. कुणाच्या श्वासाकडे बघायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐन गर्दीत खिडकीच्या बाई आल्या. बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीवर बसायच्या म्हणून त्यांना सगळे खिडकीच्या बाई म्हणत. जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून येत आणि तिकिटावर शिक्का मारावा तसा घास मारत. घास, पाणी, घास, पाणी, घड्याळ. सगळ्या खाणावळीत त्यांच्याइतकं भराभर कुणी जेवत नसे. मालक त्यांना मनापासून मान देई.

त्या तुफानच्या समोरच्याच टेबलाशी बसल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने एक सूर छेडला. घास. त्याने वाट पाहिली. त्यांनी गिळलं. मग दुसरा सूर. त्यांच्या लक्षात काही आलं नाही, पण पुढचा घास तोंडाशी नेताना चमचा जरासा रेंगाळला. तुफानही रेंगाळला. चमचा आत गेल्यावर तिसरा सूर. असं करता करता कोण कुणासाठी थांबतंय ते कळेनासं झालं. बाई घड्याळाकडे बघायच्या विसरल्या. आजूबाजूच्या टेबलांवरचा खणखणाटही कमी झाला. कुणी मुद्दाम केला नाही, पण शेजारचा हळू चावतोय म्हटल्यावर आपला मचमचाट आपल्यालाच ऐकू यायला लागतो.

दारातली रांग वाढली. मालकाचं बोट वर गेलं आणि फिरलं. मग दुसरं बोट वर गेलं. दोन्ही हातांनी लोकर गुंडाळत असल्यासारखा मालक गल्ल्यामागे उभा राहिला. तुफानला सगळं दिसत होतं. त्याने मान खाली घातली.

बाईंचं ताट संपलं. वाटी संपली. पाणीही संपलं.

मेहुणा सवयीने ताट उचलायला आला. बाईंनी न बघताच ताटावर हात ठेवला.

मेहुण्याने तुफानकडे पाहिलं. त्याचे डोळे बशीएवढे झाले होते.

"अहो मॅडम," रांगेतला एक माणूस ओरडला, "उठा ना! आम्हाला बस गाठायची आहे!"

"कशी गाठणार?" बाई म्हणाल्या. "तिकीट कोण देणार? मी तर इथे बसलेय."

मालक गल्ला सोडून बाहेर आला. असं तो आग लागली तरच करेल, असं मेहुणा नेहमी सांगायचा. तो तुफानच्या स्टुलाशी येऊन कानाशी पुटपुटला, "काय चालवलंय? इथे लोक जेवायला येतात की ध्यानाला? पळव! पळव नाहीतर उद्यापासून हे स्टूल मोकळं कर."

नोकरी गेली तर काय हा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न समोर होता. शेवटून दुसरा सूर अजून हवेत होता आणि बाईंचा हात ताटावर होता. मधेच पळालो तर ही बाई इथे अशीच राहील, अर्धी. त्याने मालकाकडे इतकं केविलवाणं पाहिलं की मालकही गोंधळून एक पाऊल मागे सरकला. तुफान थांबला. बाईंनी श्वास सोडला. त्याने शेवटचा सूर लावला आणि तार आपोआप गप्प होईपर्यंत हात लावला नाही.

बाई उठल्या आणि बेसिनशी हात धुवायला आल्या. तुफान तिथेच, हातभर अंतरावर. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी साबण लावला, नळ सोडला, हात झटकले. तुफानच्या चष्म्यावर थेंब उडाले.

"रोज असं वाजवू नका," त्या म्हणाल्या. "मला खिडकी उघडायला उशीर होतो."

आणि त्या गेल्या. रांगेतली निम्मी माणसं न जेवताच त्यांच्या मागे धावली.

"रोज नको म्हणाल्या," संध्याकाळी तुफानने बायकोला सांगितलं. "कळलं ना? रोज नको."

"म्हणजे नावं ठेवली."

"अगं, नावं ठेवायची असती तर कधीच नको म्हणाल्या असत्या!"

बायकोने थोडा विचार केला. "दिसायला कशा आहेत?"

"कोण?"

"या खिडकीच्या बाई."

"चेहरा नीट पाहिलाच नाही. घशाकडे बघत होतो."

बायकोला इतकं हसू आलं की पाळण्यातली नात दचकून जागी झाली.

मालकाने नोकरी ठेवली. ठेवली म्हणजे, दुसऱ्या दिवशी तुफान दारात उभा राहिला तेव्हा त्याने दम दिला. "हे बघ मास्तर. तुझी बोटं पळतात म्हणून तू इथे आहेस. आज पळाली तर आहेस, नाहीतर नाहीस. रडगाणं घरी. मान्य?"

"मान्य," तुफान म्हणाला. आणि त्याला ते खरंच मान्य होतं. पळायला त्याला आवडायचंच. त्यात काही चूक नव्हती, फक्त आजवर ते पळणं त्याच्या एकट्याचं होतं.

गर्दी झाली. बोट फिरलं. तुफानने खिशातून नखी काढली आणि सुटला. असा सुटला की गेल्या कित्येक वर्षांत सुटला नव्हता. बोटांचा धूर झाला. जबडे चालायला लागले, चमचे खणखणले, खुर्च्या मागे सरकल्या, माणसं उठली, माणसं बसली, मेहुणा ताटं घेऊन नाचत होता. मालक गल्ल्यावर प्रसन्न झाला. गाणं चढत गेलं, चढत गेलं, तारा कडकडल्या, आता शेवटची उडी मारून खाली यायचं एवढंच उरलं होतं, आणि अगदी तिथे, सगळ्यात वर, तुफान थांबला.

एकदम थांबला.

सगळी खाणावळ थांबली. जबडे उघडे राहिले. एका माणसाचा चमचा तोंडापासून वीतभर अंतरावर, त्यातून रस्सा शर्टावर ठिबकत होता आणि त्याला पत्ता नव्हता. मेहुणा एका पायावर, दोन्ही हातांत ताटं, बगळ्यासारखा उभा. मालकाचं बोट हवेत अर्धं फिरून अडकलेलं. दारातल्या रांगेने माना आत घातल्या होत्या. सगळे तुफानकडे बघत होते. भरल्या ताटासमोरचे, रिकाम्या ताटासमोरचे, सगळे. कुणी श्वास सोडत नव्हतं.

तुफान जन्मजात भित्रा माणूस. त्याचा हात पुढे जायला शिवशिवला. पुढचा सूर घ्यायला हवा होता, उशीर झालाच होता, मालकाची भुवई चढायला लागली होती.

मग त्याच्या मनात आलं, राहू दे अजून जरासं. आणि त्याने हात तारेवरच ठेवला.